एमामावशीचा गुडघा

चांगली बातमी आली की माणसाने पेढे वाटावेत, चार घरी फोन करावेत. हेझलचं भलतंच चाललं होतं. तिच्या प्रबंधाचे आकडे इतके छान आले होते की तिला अन्न गोड लागेना. जेवताना मध्येच हात थांबायचा. रिक्षात बसली की कुठे जायचं ते सांगायचंच राहून जायचं, आणि रिक्षावाला मान वळवून विचारायचा, "मॅडम, घरी जायचं का माझ्या?"

हेझल ठाण्यातल्या एका फिजिओथेरपी कॉलेजात मास्टर्सच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा विषय होता बायकांचे गुडघे. ज्यांनी जन्मभर जमिनीवर बसून मासळी कापली, मसाले कुटले, वाकून भात लावला, त्यांना 'जिमला जा' म्हणून सांगणारा डॉक्टर हा एकतर नवा असतो नाहीतर थट्टेखोर. म्हणून तिने घरातल्या घरात करायचे तीन व्यायाम बसवले. दाराच्या उंबरठ्यावर एक पाय ठेवून चढायचं आणि उतरायचं. स्टुलावरून हात न टेकता उठायचं. आणि खिडकीच्या गजाला जुनी ओढणी बांधून विहिरीचं पाणी शेंदल्यासारखी ओढायची. सगळ्यांत आधी उंबरठा, म्हणून कार्यक्रमाचं नावच 'उंबरठा' पडलं.

हे व्यायाम तिने शिकवले ते स्वतःच्या गावठाणातल्या बायकांना. ठाण्याच्या खाडीकडचं ते जुनं ख्रिस्ती गावठाण, चहूबाजूंनी टॉवर उठले तरी मध्ये आपलं चर्च आणि आपल्या बोळी धरून बसलेलं. तुलनेसाठी दुसरा गट घेतला होता खडवलीचा. तिथल्या बायकांना फक्त नेहमीचा सल्ला दिला: शेक घ्या, उकिडवं बसू नका. मग दर आठवड्याला हेझल दोन्हीकडे जायची आणि एक पट्टी पुढे करायची. पट्टीवर चेहरे काढलेले होते. शून्याचा चेहरा हसरा, दहाचा ढसाढसा रडणारा. आज दुखतंय तेवढ्या चेहऱ्यावर बाईने बोट ठेवायचं, एवढंच.

खडवलीच्या बायकांचं बोट वाटेल तसं फिरलं. आज सहा, मग आठ, मग चार, परत सात. गावठाणातल्या बायकांचं बोट मात्र दर बुधवारी एकेक चेहरा खाली उतरत गेलं. रडणारे चेहरे हसरे झाले. आलेख काढला तर जिना काढल्यासारखा दिसला.

"माझ्या सगळ्या नोकरीत असे आकडे मी पाहिले नाहीत, हेझल," क्षिप्रा मॅडम म्हणाल्या. त्या तिच्या गाईड.

'मीही नाही,' हेझलच्या मनात आलं, आणि तिथेच पाल चुकचुकली.

क्षिप्रा मॅडमचा कॉलेजात दबदबा होता, तो त्यांच्या एका हट्टामुळे. कुठलंही संशोधन विद्यापीठाकडे जाण्याआधी ज्या लोकांवर केलं त्यांच्यासमोर, त्यांच्या भाषेत, जाऊन सांगायचं. काय सापडलं, कसं सापडलं, तुम्हाला पटतं का. या प्रथेला त्यांनी 'परतभेट' नाव दिलं होतं. "लोकांचं रक्त काढता, वेळ घेता, आणि मग तोंड दाखवत नाही," त्या वर्गात कडाडायच्या. "चोर तरी निदान घर बघून ठेवतो आणि परत येतो!" मुलं हसायची आणि मुकाट्याने परतभेटीला जायची.

येत्या शुक्रवारी विद्यापीठाची समिती येणार होती. कॉलेजांतले नवे प्रयोग आणि चांगल्या प्रथा पाहायला. परतभेट आणि उंबरठा, दोन्ही त्यांना दाखवायचं ठरलं होतं. समितीने मान डोलावली की उंबरठा तालुक्यातल्या सगळ्या आशाताईंना शिकवायचा, आणि त्यांनी तो घरोघर न्यायचा. हेझलच्या पदवीचं भवितव्यही त्यातच आलं. आणि शुक्रवारच्या आधी दोन्ही गावांच्या परतभेटी उरकायच्या होत्या.

शनिवारी ती खडवलीला गेली. शाळेच्या पडवीत बायका जमल्या होत्या. हेझलने सांगितलं की तुमच्या दुखण्यात म्हणावा तसा फरक पडला नाही, पण दुसऱ्या गावातल्या बायकांना खूप बरं वाटलं. बोलताना तिचा आवाज तिलाच परका वाटत होता.

विमलाबाई पुढेच बसल्या होत्या. पायांचा कंस झालेल्या, चालताना दोन्हीकडे डुलत चालणाऱ्या. त्यांनी विचारलं, "म्हंजे त्या बायका उंबरठा चढून बऱ्या झाल्या?"

"आकडे तसं सांगतात."

"मंग आमाला कदी शिकवशील?"

"लवकरच. आशाताई येतील तुमच्याकडे."

"आशा कशाला? तूच ये." विमलाबाई भिंतीला धरून उठल्या, पडवीच्या पायरीपाशी गेल्या आणि एक पाय वर ठेवून उभ्या राहिल्या. "असा? असा का?" दुखणं नाकारायची त्यांची रीत नव्हती, त्या 'आई आई' करतच चढल्या आणि उतरल्या. "रोज किती येळा करू?"

हेझलला ताबडतोब म्हणता आलं असतं की आत्ता नका करू, थांबा. पण ती म्हणाली, "सांगते, सांगते," आणि बॅग आवरायला लागली. परतीच्या गाडीत तिचं लक्ष एकाच गोष्टीकडे जात होतं. विमलाबाईंचे आकडे उड्या मारायचे, कारण विमलाबाईंचं दुखणं उड्या मारत होतं. भात कापणीला वाढायचं, लेक माहेरी येऊन कामाला हात लावायची तेव्हा कमी व्हायचं. मग आपल्या गावठाणातल्या बायकांच्या घरी काय कामं वाढत नाहीत, लेकी येत-जात नाहीत? तिथलं दुखणं असं शाळेतल्या मुलांसारखं रांगेत कसं चालतं?

रविवारी सकाळी मिस्सा होती, आणि मिस्सेनंतर चर्चच्या हॉलमध्ये परतभेट. हेझल मधल्या बाकावर बसली होती पण प्रार्थनेत मन नव्हतं. गायनवृंद वरच्या सज्जात गात होता. त्यात एमामावशीचा आवाज नव्हता.

एमामावशी म्हणजे हेझलच्या आईची थोरली बहीण. हेझलची आई कुवेतला नर्स, ती दोन वर्षांतून एकदा यायची. हेझलला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, मारलं, कुरवाळलं ते एमामावशीने. लग्न केलं नाही, मसाले करून राहिली. दर उन्हाळ्यात गावठाणातल्या बायका तिच्या अंगणात जमून बाटलीमसाला कुटायच्या, आणि मुसळाच्या ठेक्यावर मावशी वरच्या पट्टीत गायची. चर्चच्या सज्जात तर तिची जागा ठरलेली. माउंट मेरीच्या जत्रेपासून मात्र ती वर गेली नव्हती. घसा बसलाय, म्हणायची.

हेझलने मान वळवून पाहिलं. मावशी शेवटच्या बाकावर होती. सगळ्यांनी गुडघे टेकले तेव्हा तीही पुढे सरकली, पण गुडघे टेकले नाहीत. बाकाच्या कडेवर कशीबशी तोलून, डोकं खाली घालून बसून राहिली. सज्जात जायचा तो लाकडी जिना किती उभा आहे, ते हेझलला तेव्हा आठवलं. आणि घसा? काल संध्याकाळी याच घशाने मावशीने बोंबलांच्या भावावरून कोळणीशी असा वाद घातला होता की अख्ख्या आळीने खिडक्या उघडल्या.

आपण फिजिओथेरपिस्ट! एका घरात राहतो, एका ताटात जेवतो. हेझलच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

हॉलमध्ये तिने फळ्यावर दोन रेषा काढल्या. एक खडवलीची, वेडीवाकडी. दुसरी गावठाणाची, सरळ उतरती. समजावून सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"म्हंजे आमी जिकलो?" रेजिनाबाय ओरडली. ती मावशीची शेजारीण, अंगाने दणकट आणि तोंडाने त्याहून.

"तसं जिंकणं-हरणं नसतं, आंटी."

"पर खडवलीवाल्या हरल्या ना?"

हशा झाला. हेझल हसली नाही. तिने खडू खाली ठेवला आणि म्हणाली, "आता शेवटचं. एकेकीने दाराच्या पायरीवर चढून दाखवा. मला बघायचंय."

हॉल एकदम कामात बुडाला. एकीचं मटण गॅसवर होतं. एकीचा जावई येणार होता. एकीला आत्ता आठवलं की ती चावी विसरली. बायका पदर सावरत दाराकडे सरकायला लागल्या तेव्हा एमामावशी उठली.

"मी दाखवते," ती म्हणाली. "पोरीला काय आपल्यावर भरवसा नाय वाटतं."

ती दारापाशी गेली, पायरीवर उजवा पाय ठेवला, चढली, उतरली. हेझलकडे बघून हसली. परत चढली. हसणं तसंच चेहऱ्यावर ठेवलेलं, फोटोवाल्याने 'हलू नका' म्हटल्यावर ठेवतात तसं. तिसऱ्यांदा उतरताना गुडघा आत वळला, मावशीने चौकट पकडली आणि तिच्या तोंडून कसलातरी बारीक आवाज निघाला. हेझलने धावत जाऊन तिला धरलं.

"पुरे कर एमा," रेजिनाबाय म्हणाली. "सांगून टाक पोरीला."

"तू गप गं."

"मी नाय गप. सांगते मीच." रेजिनाबाय खुर्चीत बसली आणि हेझलकडे न बघता बोलायला लागली. "पयल्या बुधवारी तू ती चेहऱ्याची पट्टी घेऊन आलेलीस. सगळ्यांनी आठ, नऊ सांगितलं. तुझं तोंड बगवत नव्हतं, असं उतरलेलं. मंग संध्याकाळी एमाकडं रोझरीला बसलेलो. एमा बोलली, आपल्या पोरीच्या डॉक्टरीचा सवाल हाय. तिच्यासाठी नवेना धरू. नऊ बुधवार प्रार्थना. दर बुधवारी एक आकडा खाली."

"नवेना," हेझल म्हणाली. तिला वाटलं आपण हसणार, पण हसू आलं नाही.

"आता देवाला माहीत हाय ना, कोणाचं किती दुखतं," रेजिनाबाय घाईघाईने म्हणाली. "त्या पट्टीला कशाला सांगायला पायजे?"

"आणि व्यायाम? तेही खोटंच?"

"नाय नाय! व्यायाम सगळ्यांनी केला. एमाने तर डबल केला. तुझं नाव घेऊन करायची."

हेझलने मावशीकडे पाहिलं. मावशी चौकटीला टेकून जमिनीकडे बघत होती.

"खरंच बरं वाटलं असं कोणी आहे का?" हेझलने विचारलं.

रेजिनाबायने हात अर्धा वर केला. "मना वाटलं. खरंच. आता मी जिना चढते, नळावर जाते. पर तू आता मानशील का माझं?"

नेमकं हेच तर झालं होतं. ज्यांना खरंच गुण आला त्यांचं खरंही आता खोट्यात बुडालं होतं, आणि व्यायाम चांगला की वाईट हे सांगणारं जगात कोणी उरलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी ती डोंबिवलीला क्षिप्रा मॅडमच्या घरी गेली. मॅडम शुक्रवारसाठी साडीला इस्त्री करत होत्या. हेझल उभ्याउभ्याच बोलत सुटली. मॅडमनी इस्त्री बाजूला ठेवली, बटण बंद केलं, परत चालू केलं, परत बंद केलं.

"चूक माझी आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "मोजमाप गावच्या मुलीने घ्यायचंच नसतं. तुझ्या वर्गातला तो कल्याणचा स्वानंद घेणार होता. तो आयत्या वेळी सोडून गेला आणि मी तुला म्हटलं, तूच घे, वेळ नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे शिकवते, आणि स्वतः..." त्या थांबल्या. "असं करू. प्रबंधात 'मर्यादा' म्हणून एक परिच्छेद लिहू. उत्तरांमध्ये आपुलकीचा प्रभाव असण्याची शक्यता. असं लिहितात लोक."

"शक्यता नाही मॅडम, नवेना आहे."

"मला ऐकू आलं, हेझल."

"आणि तो परिच्छेद खडवलीच्या विमलाबाई वाचणार आहेत का? त्या आत्ता पायरी चढत असतील. कालच विचारत होत्या, रोज किती वेळा करू."

मॅडम खिडकीशी गेल्या. खालून कुणाच्यातरी दांडियाची उरलेली गाणी वाजत होती, दिवाळी होऊन गेली तरी त्या सोसायटीला भान नव्हतं. "शुक्रवार पाच दिवसांवर आलाय," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "समितीला बोलावून मी सांगू की आमचा प्रयोग फसला? झाकली मूठ सव्वा लाखाची असते गं." आणि स्वतःच दचकून वळल्या. "हे मी बोलले?"

हेझलने बॅग खांद्याला लावली.

"जा तू आता. मला विचार करू दे."

त्यांचा विचार सोमवारी झाला नाही, मंगळवारी झाला नाही. कॉलेजात त्या दिसायच्या त्या कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, फोन कानाला लावलेला, हाताने 'नंतर' असं खुणावत. सुताराकडून समितीसाठी लाकडी उंबरठा करून आला, त्याला तेलपाणी झालं. पत्रकं छापून आली. हेझल दुपारी कॉलेजातून निघून तलावपाळीला फेऱ्या मारायची. भेळवाले, बोटीत बसायला रडणारी पोरं, कठड्यावरची म्हातारी मंडळी, सगळ्यांचे गुडघे तिला दिसायचे आणि तोंडं दिसायची नाहीत. गप्प राहिलं तर पदवी मिळेल. मॅडमचं नाव होईल. आणि घरोघर उंबरठे चढले जातील. बोललं तर वर्ष गेलं, आणि सगळ्या गावात मावशी खोटारडी ठरली. तिला दोन्ही बाजू सारख्याच नकोशा होत्या.

घरी मावशी पाय दाखवायला तयार नव्हती. बुधवारी हेझलने तिला जबरदस्तीने पलंगावर बसवलं आणि लुगडं वर सारलं. गुडघा नारळासारखा सुजला होता, हात लावला तर गरम.

"हे कधीपासून आहे?"

"होईल बरं. घट्ट बांधून दे आणि शुक्रवारी मना घेऊन जा. तुझ्या त्या सायबांसमोर मी धा येळा चढून दाखवते."

"तू कुठेही चढणार नाहीयेस!" हेझल ओरडली. "तुला कोणी सांगितलं होतं हे करायला? मी मागितलं होतं का? माझं सगळं शिक्षण म्हणजे दुसऱ्याचं दुखणं ओळखायचं, आणि तू माझ्या नाकासमोर... एकदा, मावशी, एकदा तरी मला खरं सांगितलं असतंस!"

मावशीही चिडली. "तू विचारलंस कुटं? सांग ना, कदी विचारलंस? लहानपणी शाळेतून यायचीस तर दारातून विचारायचीस, मावशी काय करते, मावशी बरी हाय का. डॉक्टरीण व्हायला गेलीस तवापासून येतेस आणि ती पट्टी पुढं करतेस. पट्टीला काय सांगू मी? पट्टी काय माझी भाची हाय?"

हेझलला तोंडात मारल्यासारखं झालं. तिने बर्फाची पिशवी आणली, गुडघ्यावर ठेवली आणि खाली जमिनीवर बसून राहिली. बर्फ वितळून मावशीच्या पोटरीवरून ओघळत होता आणि दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

"तुझ्या आयेला मी काय तोंड दाखवू," मावशी मग हळू आवाजात म्हणाली, "माझ्या पायी तुझं वरीस गेलं तर?"

शुक्रवारी मावशी ऐकली नाहीच. गावठाणाच्या बायका तांबडी चौकडीची लुगडी नेसून, केसांत फुलं माळून, दोन रिक्षा करून कॉलेजात हजर झाल्या, आणि मावशी त्यांच्यात पुढे. सभागृहात समितीची तीन माणसं बसली होती. मध्ये अध्यक्ष, पिकल्या केसांचे, बोलायला गोड. कोपऱ्यात तो तेलपाणी केलेला उंबरठा. क्षिप्रा मॅडम पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या साडीत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांनी काय ठरवलं ते काही कळत नव्हतं.

हेझल उभी राहिली. भिंतीवर तिचा तो सुंदर जिना उमटला. अध्यक्षांनी कौतुकाने मान हलवली. हेझलने भिंतीकडे पाठ केली.

"हे आकडे खरे नाहीत," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. पट्टी, रोझरी, नवेना, खडवली. सांगताना तिचा आवाज दोनदा फाटला. मागच्या रांगेत बायकांनी माना खाली घातल्या.

क्षिप्रा मॅडम उठल्या. "हिने मला रविवारीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "चार दिवस मी तिला टाळत होते. मोजमाप हिच्याकडे देण्याची चूक माझी होती. परतभेट केली नसती तर हे कळलं नसतं, आणि परतभेटीत कळलेलं मी झाकणार होते. हेही नोंदवून घ्या." आणि त्या खाली बसल्या.

अध्यक्ष भले गृहस्थ होते, आणि भल्या माणसांना अवघड शांतता सोसत नाही. "अहो, थोडंफार असं होतंच," ते म्हणाले. "बायका प्रेमळ आहेत, आकडे थोडे फुगले असतील. कल्पना छान आहे. आलो आहोत तर प्रात्यक्षिक तरी बघू या. बाई, तुम्ही दाखवता का चढून?"

ते एमामावशीकडे बघत होते. मावशी लगेच उठली. पदर खोचला, तेच ते फोटोतलं हसणं चेहऱ्यावर आणलं आणि उंबरठ्याकडे निघाली. पाय ओढत होती, पण हसणं ढळू देत नव्हती. हेझल तिच्या आधी तिथे पोहोचली आणि त्या उंबरठ्यावर चक्क बसली.

"ऊठ गं," मावशी दातांतून म्हणाली. "सायेब बगतायत."

हेझलने हाताने शेजारची खुर्ची ओढली आणि मावशीला तिच्यात बसवलं. आता मावशी खुर्चीत आणि ती तिच्या पायाशी. पट्टी तिच्या कोटाच्या खिशात होती. तिने ती काढली नाही.

"मावशी, कसं आहे गुडघ्याचं?" तिने विचारलं.

मावशीने समितीकडे पाहिलं, रेजिनाबायकडे पाहिलं, मग भाचीकडे. तिचं हसणं आधी एका बाजूने सुटलं आणि मग सगळंच गेलं.

"वाईट हाय," ती म्हणाली. "लय वाईट. सकाळी पाय खाली टाकला का डोळ्यांत पाणी येतं. मोरीत बसता येत नाय. संडासला जाताना भिताडाला धरते. तुझा तो उंबरठा सुरू केला तवापासून जास्तच, पर तुला कसा सांगू? जिना नाय चढवत. घसा नाय बसला माझा, पोरी. घसा चांगला हाय."

"माहीत आहे मला."

"मागच्या बाकावर बसते आणि वर सगळ्या गातात. मना ऐकवत नाय." मावशीने नाक पुसलं. अध्यक्षांनी पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं होतं.

मागून रेजिनाबाय उठली. "मना खरंच बरं हाय!" ती मोठ्याने म्हणाली. "येशूची शपत. पर टान्याच्या सासूला नाय." टान्याची सासू म्हणाली, "मना आदी होतं तेवढंच हाय," आणि तिच्यामागून तिसरी, चौथी बोलायला लागली. प्रत्येकीचं वेगळं, वाकडंतिकडं, खडवलीसारखं. क्षिप्रा मॅडम फळ्यापाशी गेल्या होत्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहून लिहून घेत होत्या.

हेझलचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने मावशीचा पाय मांडीवर घेतला होता आणि दोन्ही अंगठ्यांनी गुडघ्याच्या वाटीच्या कडेने चाचपत होती. गेले कित्येक दिवस अंगात जे सारखं धावत होतं ते थांबलं नव्हतं, पण हात स्थिर होते.

"नाताळपातूर वर जाता येल का मना?" मावशीने वाकून हळूच विचारलं. "आणि पोरी, खरं सांग हां."

हेझलने गुडघा एकदा वाकवून पाहिला, एकदा सरळ करून पाहिला.

"नाही मावशी," ती म्हणाली. "या नाताळला नाही."

मावशीने मान हलवली. पदराने परत नाक पुसलं.

"बरं," ती म्हणाली. "मंग खालून गाईन."